प्रती किती आणि वाचक किती : जतच्या एका निवृत्त वाहकाच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि चार ओळींत देण्यासारखे त्याचे उत्तर नसल्यामुळे रविवारची सकाळ मुद्दाम त्यासाठी ठेवली. प्रश्न थोडक्यात असा : जत आगारात एकतीस वर्षे वाहक म्हणून नोकरी करून तुम्ही निवृत्त झालात, चार वह्यांमध्ये आठवणी लिहिल्यात आणि मुलीने त्या मोबाइलवर टाइप करून दिल्या. आता एका प्रकाशकाने ५०० प्रतींसाठी ९०,००० रुपये मागितले आहेत. त्यांतल्या २०० प्रती तुम्हाला मिळतील, उरलेल्या ३०० तो विकेल आणि किंमत ३०० रुपये असेल. निवृत्तीच्या पैशांतून ही रक्कम द्यावी की पुस्तक स्वतःच काढावे, आणि स्वतः काढले तर ते विकावे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

मी मिरजेत बावीस वर्षे अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करतो. माझी स्वतःची चार पुस्तके मीच प्रकाशित केली आहेत आणि इतर लेखकांची चाळीसेक पुस्तके माझ्या हाताखालून गेली आहेत. माझ्या चारांपैकी दोन पुस्तकांनी पैसे परत दिले, एकाने निम्मे दिले आणि कवितासंग्रहाचे दोन गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्या गठ्ठ्यांनी शिकवलेले आहे.

आधी तुमच्यापुढच्या प्रस्तावाचा हिशेब मांडू. तुमच्या हातात २०० प्रती येणार आहेत. त्या सगळ्या, एकही सवलत न देता आणि एकही प्रत भेट न देता, छापील किमतीला विकल्या तरी ६०,००० रुपये होतात. म्हणजे सर्व काही उत्तम घडले तरी तुमचे ३०,००० रुपये जाणार, आणि ते परत मिळणे सर्वस्वी प्रकाशकाकडच्या ३०० प्रतींच्या विक्रीवर अवलंबून राहणार. आता त्या प्रती विकण्याची त्याला गरज किती आहे, ते पाहा. जो प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, त्याला पुस्तक विकल्याशिवाय पैसे दिसत नाहीत. ज्याचा छपाईचा खर्च आणि नफा लेखकाने आधीच दिलेला असतो, त्याचा व्यवहार पुस्तक छापून झाले त्याच दिवशी पूर्ण होतो. असे करणारे सगळे लबाड असतात असे मी म्हणत नाही, काही जण काम अत्यंत नेटके करतात. परंतु ते तुम्हाला छपाईची सेवा विकत आहेत आणि तुम्ही वाचक विकत घेतो आहोत असे समजत आहात, हा घोळ सह्या करण्यापूर्वी सुटला पाहिजे.

तरीही त्यांच्याकडेच जावेसे वाटले, तर चार गोष्टी लेखी घ्या : प्रत्यक्षात किती प्रती छापल्या याचे मुद्रकाचे बिल, छपाईसाठी तयार झालेल्या फाइली तुमच्याकडे देण्याची हमी, न विकलेल्या प्रती किती महिन्यांनी परत करणार ती मुदत, आणि स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहील असे स्पष्ट वाक्य. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखन तुमचे असले की हक्कही तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. म्हणूनच सही करण्याआधी करार घरी आणून सावकाश वाचावा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. प्रकाशक की स्वतः, हा माझ्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, हे पुस्तक नेमके कोणाच्या घरी जाणार, हा आहे. याचे उत्तर तुमच्या हेतूवर अवलंबून आहे आणि तो तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. नातवंडांसाठी आठवणी राहाव्यात एवढीच इच्छा असेल, तर ४० प्रती काढा आणि विक्रीचा विचारच करू नका, त्यात कमीपणा काही नाही. अनोळखी वाचकांपर्यंत जायचे असेल, तर मात्र पुढची वर्षभराची मेहनत, प्रवास आणि फोन यांची तयारी हवी. प्रकृती साथ देते का, मुलगी फोनवरची कामे सांभाळेल का, हेही यातच आले.

हेतू ठरला की एक कोरी वही घ्या आणि त्यात नावे लिहा. "एसटीतले सगळे" असे लिहू नका, माणसांची नावे लिहा : कोणत्या आगारातले, फोन आहे का, आणि हा माणूस २०० रुपये काढून देईल असे तुम्हाला मनापासून वाटते का. माझ्या कवितासंग्रहाच्या वेळी मी "मिरज-सांगलीतले रसिक" असे मनात धरले आणि ५०० प्रती छापल्या. रसिक होते, त्यांनी कौतुकही केले, पण पुस्तक त्यांनी भेट म्हणून अपेक्षिले. पुढचे पुस्तक मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांवर होते. त्या वेळी मी आधी वही भरली : कारागिरांची घरे, सतार आणि तंबोरे येथून नेणारे वादक, गायनशिक्षक, संगीत मंडळे. नावे १६० झाली, म्हणून प्रती २०० छापल्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मिरासाहेब दर्ग्यात होणाऱ्या संगीत सभेच्या दिवसांत त्यातल्या जितक्या प्रती गेल्या, तितक्या दुकानांतून वर्षभरातही गेल्या नाहीत. याचे कारण उघड आहे. तिथे आलेल्या माणसाला तंबोरा म्हणजे काय आणि तो कोण घडवतो हे जाणून घ्यायचेच असते, मी फक्त पुस्तक घेऊन त्याच्या वाटेत उभा होतो.

या दृष्टीने तुमची बाजू माझ्यापेक्षा किती तरी भक्कम आहे. एसटीत नोकरी केलेली माणसे राज्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत आणि मुक्कामी गाडी, वेबिल (वाहकाचा रोजच्या तिकिटांचा आणि रोखीचा हिशेबाचा कागद), तिकिटांचा ट्रे, पहाटेच्या अंधारात पुसलेली काच या गोष्टी त्यांना समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्याखेरीज उमदी, संख, माडग्याळ, डफळापूर यांसारख्या ज्या गावांना तुमच्या गाड्या जात होत्या, तिथे तुम्हाला चेहऱ्याने ओळखणारी माणसे आहेत. त्या गाडीने शाळा-कॉलेजला गेलेली मुले आज पुण्या-मुंबईत नोकऱ्या करत असतील आणि माझ्या अंदाजाने तुमचे सर्वांत उत्साही गिऱ्हाईक तेच ठरतील. वही भरताना गावनिहाय पाने करा.

संहितेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वतः प्रकाशन करणारे लेखक सर्वांत जास्त काटकसर इथेच करतात आणि ती सर्वांत महाग पडते. मुलीने टाइप केलेला मजकूर थेट छपाईला देऊ नका. आधी एका जाणत्या वाचकाकडून संपादन करून घ्या : कोणत्या आठवणी दोनदा आल्या आहेत, कुठे नुसती बदल्यांची यादी झाली आहे, कोणते प्रकरण पहिले हवे. त्यानंतर मुद्रितशोधन, म्हणजे लेखनाच्या चुका काढणे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार असे अठरा लेखननियम मुद्रितशोधकाला पाठ असतात. मात्र निवेदन नियमांप्रमाणे आणि संवाद माणसांच्या तोंडचे, हे त्याला आधीच बजावून ठेवा. जत तालुक्यातली म्हातारी अर्धे वाक्य कानडीत आणि अर्धे मराठीत बोलत असेल, तर ती पुस्तकातही तशीच बोलली पाहिजे. बोली "शुद्ध" करून देणाऱ्या मुद्रितशोधकाने एका लेखकाचे सबंध प्रकरण निर्जीव केलेले मी पाहिले आहे, आणि ते दुरुस्त करायला मूळ वहीच शोधावी लागली.

दुसरी अडचण तांत्रिक आहे, पण तुमच्या पुस्तकात ती पानोपानी येईल. मोबाइलवरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत असतो. आजही काही ठिकाणी मांडणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये करतात आणि त्यासाठी मजकूर रूपांतरित करतात. या रूपांतरात 'ऱ्' हमखास बिघडतो. 'फेऱ्या'च्या 'फेर्या' होतात, 'कऱ्हाड'चे 'कर्हाड' होते, आणि माझ्या स्वतःच्या पुस्तकात लग्नातले 'आचाऱ्यांना बोलावले' हे वाक्य 'आचार्यांना बोलावले' असे छापून गेले होते. वाहकाच्या आत्मकथनात फेऱ्या आणि कऱ्हाड किती वेळा येतील, याचा विचार करा. म्हणून मांडणी युनिकोड फॉन्टमध्येच करण्याचा आग्रह धरा. पुढे ई-पुस्तक करायचे झाले तर तीच फाइल उपयोगी पडते, नाही तर सगळे पुन्हा टाइप करावे लागते.

ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची नावेही एकदा तपासा. वेबिलातला फरक, दारू, अधिकाऱ्याची मर्जी, अशा प्रसंगांत हयात माणसाचे नाव आणि गाव दोन्ही देणे टाळावे. सिद्ध करता न येणारा आरोप छापला तर अब्रुनुकसानीचा दावा लेखकावर आणि प्रकाशकावर येतो, आणि इथे दोघेही तुम्हीच असाल.

छपाईचे गणित फॉर्मवर, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचावर चालते. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत, एक फॉर्म सोळा पानांचा असतो. तुमचा मजकूर १७६ पानांत बसला तर बरोबर अकरा फॉर्म होतात. तोच १८० पानांवर गेला तर चार पानांसाठी नव्या फॉर्मचा खर्च पडू शकतो, म्हणून मांडणी करणाऱ्याला हे आधी सांगावे. ७० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद या प्रकारच्या पुस्तकाला पुरेसा आहे. अशा १७६ पानी पुस्तकाचे वजन मुखपृष्ठासह दोनशे ग्रॅमच्या थोडे वर जाते आणि पाकिटासकट ते तीनशेच्या आत राहते. वजनाचा हा उल्लेख विनाकारण नाही. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली आणि तिचा आरंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर असा ठेवला. जाड कागदाच्या हौसेपायी ही मर्यादा ओलांडली, तर प्रत्येक प्रतीमागे टपालखर्च वाढत राहतो. पुस्तकाची कच्ची प्रत हातात आली की ती टपाल कार्यालयात नेऊन वजन करून घ्या आणि चालू दरही तिथेच विचारा.

प्रती २०० असतील तर डिजिटल छपाई (फाइलीवरून थेट), पाचशेच्या पुढे असतील तर ऑफसेट (आधी प्लेटा करून), असे मी साधारणपणे सांगतो. ऑफसेटमध्ये दर प्रत स्वस्त पडते हे खरे आहे, परंतु न विकलेली स्वस्त प्रत ही सर्वांत महाग प्रत असते. माझ्या अलीकडच्या कामांवरून तुमच्या पुस्तकाचा अंदाज असा निघतो : मांडणी सात हजार, मुद्रितशोधन साडेचार हजार, मुखपृष्ठ चार हजार, आणि २०० प्रती प्रत्येकी शंभरच्या आसपास म्हणजे वीस हजार. किरकोळ धरून ३५ ते ४० हजारांत काम होईल. कागदाचे भाव बदलतात, म्हणून तीन ठिकाणची दरपत्रके मागवा आणि दर करासह आहे की कराविना, हे लेखी घ्या, कारण छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नसला तरी छपाईच्या बिलावर तो लागतो. किंमत २५० रुपये ठेवून थेट घेणाऱ्याला २०० रुपयांत दिले आणि पंचवीस प्रती भेट-अभिप्रायासाठी गेल्या, तर १७५ प्रतींचे ३५,००० रुपये येतात. म्हणजे पहिल्या खेपेत तुम्ही जेमतेम बरोबरीत राहाल किंवा पदरचे काही हजार जातील. दुसऱ्या खेपेपासून मांडणी आणि मुखपृष्ठ यांचा खर्च नसतो, तेव्हा काही सुटू लागते. याहून अधिक आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

कागदपत्रांचे काम सोपे आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो, लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो आणि त्याला शुल्क नाही. त्यासाठी हजारो रुपये मागणारे भेटतील, त्यांना नमस्कार करावा. क्रमांक यायला वेळ लागतो, म्हणून मांडणी सुरू होतानाच अर्ज करा. श्रेयपानावर प्रकाशक, मुद्रक, आवृत्तीची तारीख, स्वामित्वहक्क आणि किंमत हे सगळे असू द्या. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. बहुतेक लेखक-प्रकाशक हे करत नाहीत, तुम्ही करा. गाळ्यात पुराचे पाणी शिरले तरी चार शहरांत पुस्तक सुरक्षित राहते, हे २०१९ च्या ऑगस्टनंतर सांगलीकराला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रसिद्धीसाठी तारीख तुम्हाला आयतीच मिळालेली आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली आणि १ जून हा एसटीचा वर्धापनदिन म्हणून आगारांत साजरा होतो. पुस्तक मेच्या मध्यावर हातात येईल असे वेळापत्रक आखा आणि प्रकाशन त्या दिवशी, शक्य असेल तर परवानगी घेऊन जत आगारातच करा. सभागृह, शाली, श्रीफळे, फ्लेक्स आणि जेवण यांवर खर्च करून तीस प्रती खपलेले समारंभ मी बरेच पाहिले आहेत. तुमच्या पुस्तकाला पाहुणा म्हणून तुमच्याबरोबर काम केलेला जुना चालक पुरेसा आहे, आणि वार्ताहर त्याच्यासाठी अधिक आनंदाने येईल.

त्याआधी दोन महिने प्रकाशनपूर्व नोंदणी सुरू करा. ही पद्धत मराठीत जुनी आहे. आगाऊ वर्गणीदार जमवून पुस्तके एकोणिसाव्या शतकातही निघत होती. वहीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करावा. गटात एकच संदेश टाकून मोकळे होऊ नये. त्यानंतर एका आठवणीचा तीन मिनिटांचा ध्वनिमुद्रित भाग तुमच्याच आवाजात पाठवा आणि खाली किंमत, यूपीआयचा कोड आणि पत्ता पाठवायचा क्रमांक द्या. एकतीस वर्षे गाडीत आवाज दिलेला माणूस आहात, तेव्हा ऐकणारे थांबतील असे मला वाटते. आठवड्याला एकापेक्षा जास्त तुकडा पाठवू नका. नोंदणी १०० च्या खाली राहिली, तर छपाई दीडशेवर आणा, डिजिटलमध्ये पुन्हा छापणे काही दिवसांचे काम असते.

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांना अभिप्रायार्थ दोन-दोन प्रती पाठवतात. बहुतेक ठिकाणी 'साभार पोच' एवढेच छापून येते, म्हणून पाच-सहा ठिकाणांपलीकडे जाऊ नका. आकाशवाणी सांगलीला मात्र पत्र लिहून मुलाखतीची विचारणा अवश्य करा.

दुकाने आणि वितरक यांच्याबाबत माझा अनुभव कडू आहे. कमिशन चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत मागितले जाते आणि माल परतीच्या बोलीवर घेतात. एका वितरकाकडे दिलेल्या साठ प्रतींचा हिशेब मला तीन वर्षे मिळाला नाही, आणि शेवटी बावीस प्रती कोपरे दुमडून परत आल्या. २५० रुपयांच्या पुस्तकावर पन्नास टक्के गेले तर तुमच्या हातात १२५ येतात आणि छपाईच शंभराची आहे. पहिल्या खेपेत दुकानांना दहा-दहा प्रतींच्या वर देऊ नका आणि प्रत्येक वेळी सहीची पावती घ्या. ग्रंथालये ही वेगळी गोष्ट आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालची अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक वाचनालये गावोगाव आहेत आणि त्यांना अनुदानातून पुस्तके घ्यावीच लागतात. जत, कवठे महांकाळ, विटा येथील ग्रंथपालांना स्वतः भेटा. शासनाच्या ग्रंथनिवडीसाठी ग्रंथालय संचालनालय पुस्तके मागवते, तिथेही वेळेत प्रत द्या. ही निवड आणि राज्य वाङ्मय पुरस्कार या दोन्हींत पुस्तक कोणत्या कॅलेंडर वर्षातले आहे ते पाहिले जाते, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस घाईने पुस्तक काढणे तोट्याचे असते. जूनचा मुहूर्त या दृष्टीनेही बरा आहे. प्रवेशशुल्क घेऊन प्रत्येकाला सन्मानचिन्ह देणाऱ्या पुरस्कारांकडे वळूनही पाहू नका.

संक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरला भरणारे संमेलन आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव येथे जरूर जा, पण एका पुस्तकासाठी पूर्ण गाळा घेऊ नका. चार लेखक मिळून एक टेबल परवडते. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येते, परंतु भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर नव्वद दिवस ते दुसरीकडे कुठेही डिजिटल रूपात देता येत नाही. तुमचे वाचक पाहता मी ते पहिल्या वर्षी करणार नाही.

शेवटी हिशेबाविषयी. माझ्या पहिल्या दोन पुस्तकांच्या किती प्रती कुठे गेल्या, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्ही तसे होऊ देऊ नका. प्रत्येक प्रतीच्या मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीने अनुक्रमांक घाला आणि वहीत रोजचा आरंभीचा क्रमांक, अखेरचा क्रमांक, रोख किती, उधार कोणाकडे आणि भेट कोणाला, एवढे लिहा. हे वेबिलच आहे, त्यामुळे तुम्हाला वेगळे शिकवावे लागणार नाही. नावांची वही भरून झाली की आकडा मला कळवा आणि सोबत मुलीने टाइप केलेले कोणतेही एक प्रकरण पाठवा, म्हणजे पाने किती होतील आणि प्रती १५० छापाव्यात की २००, हे नक्की सांगता येईल.